रोजच्या कामांसाठी गाडी न काढता पायी आणि बसने जाणे कितपत जमते?

उंबरठा

नमस्कार.

गेल्या महिन्यात मी एका वहीत साधी नोंद ठेवली. गाडी घराबाहेर निघाली की तारीख, काम आणि अंतर लिहायचे, एवढेच. महिनाअखेरीस बेरीज केली तेव्हा 43 फेऱ्या निघाल्या, आणि त्यांपैकी 31 फेऱ्यांत जाण्याचे अंतर तीन किलोमीटरच्या आत होते. औषधे आणणे, भाजी आणणे, बँकेत एक सही करून येणे, वाचनालयातले पुस्तक बदलणे, दुरुस्तीला टाकलेले घड्याळ घेऊन येणे, अशी ती कामे होती. एका पानावर तर एकाच दिवशी तीन वेळा गाडी काढल्याची नोंद आहे आणि तिन्ही वेळा मी जवळजवळ त्याच रस्त्याने गेलो होतो. ते पान पाहून माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले.

म्हणून नंतरचे दोन आठवडे मी अशा कामांसाठी गाडी काढायची नाही असे ठरवले. जवळची कामे पायी आणि लांबची बसने करायची. पहिले तीन दिवस उत्साहात गेले. चौथ्या दिवशी बँकेच्या ज्या कामाला गाडीने चाळीस मिनिटे लागत, त्याला एक तास पन्नास मिनिटे लागली, कारण थांब्यावर पंचवीस मिनिटे एकही बस आली नाही आणि मग एकामागून एक अशा दोन आल्या. सहाव्या दिवशी सामानाने भरलेल्या दोन पिशव्यांचे बंद बोटांत रुतून वळ उठले. दुसऱ्या आठवड्यात घरातून ‘दारात गाडी उभी असताना हा हट्ट कशासाठी?’ अशी विचारणा सुरू झाली आणि माझ्यापाशी पटण्यासारखे उत्तर नव्हते. अकराव्या दिवशी मी पुन्हा किल्ली उचलली.

ज्यांनी हा बदल वर्ष-दोन वर्षे टिकवला आहे, त्यांना मला विचारायचे आहे की वेळेचा हा फरक आपण कसा पेलता, सामानाचे काय करता, बसच्या बेभरवशावर काही उपाय आहे का, आणि मुळात एवढा खटाटोप करण्याजोगे यातून खरोखर काही हाती लागते का. केवळ पर्यावरणाच्या नावाने दिलेला उपदेश नको आहे. तो मी स्वतःला पुरेसा करून झालो आहे.

पायरव

आपली वही वाचून मला माझे पहिले वर्ष आठवले. मी सहा वर्षांपासून बहुतेक कामे पायी आणि बसने करते. घरात गाडी आहे, परंतु ती आठवड्यातून एखाद्या वेळी निघते. आपले जे चुकले ते माझेही चुकले होते. आपण वाहन बदललेत, परंतु कामांची मांडणी तीच ठेवलीत. गाडी असली की प्रत्येक काम सुटे राहू शकते. आठवले की निघायचे, करून परत यायचे, पुन्हा काही आठवले की पुन्हा निघायचे. ही सुटी कामे जशीच्या तशी पायी किंवा बसने करायला गेलो, तर दिवसाचे दिवस रस्त्यावर जातील आणि अकराव्या दिवशी कोणीही किल्ली उचलेल.

मी हळूहळू कामांची यादी कामांप्रमाणे न लिहिता दिशेप्रमाणे लिहू लागले. स्वयंपाकघरात एक कागद लावलेला आहे आणि त्यावर तीन रकाने आहेत. एक बँक आणि टपाल कार्यालयाच्या बाजूचा, दुसरा बाजाराच्या बाजूचा, आणि तिसरा बसने जायच्या लांबच्या भागाचा. काम सुचले की ते त्या त्या रकान्यात जाते आणि तिथेच थांबते. एका रकान्यात तीन-चार कामे साठली की त्या दिशेला एक फेरी होते. आपल्या 31 फेऱ्या अशा रीतीने बांधल्या असत्या तर माझ्या अंदाजाने त्या बारा-तेरावर आल्या असत्या, म्हणजे प्रत्येक फेरीला दुप्पट वेळ लागूनही महिन्याचा एकूण वेळ फारसा वाढला नसता. तातडी म्हणून आपण जे जे करतो त्यातले बरेचसे काम परवापर्यंत थांबू शकते, हे मला त्या कागदाने शिकवले. औषध संपल्यावर धावण्यापेक्षा पाकिटात आठवड्याचे उरले असतानाच ते रकान्यात लिहायचे, एवढी एक सवय लागली तरी निम्मी तातडी नाहीशी होते.

अंतराबद्दलही आपला अंदाज बहुधा फसतो. सपाट रस्त्यावर सर्वसाधारण प्रकृतीचा माणूस ताशी सुमारे पाच किलोमीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरला बारा मिनिटे लागतात. सातशे मीटरवरच्या औषधांच्या दुकानात जायला साडेआठ मिनिटे पुरतात. त्याच कामासाठी गाडी घ्यायची तर ती बाहेर काढणे, मधले सिग्नल, उभी करायला जागा शोधणे आणि त्या जागेपासून दुकानापर्यंत चालणे हे सगळे त्यात धरावे लागते. मी एकदा घड्याळ लावून पाहिले होते. एक किलोमीटरच्या आत गाडीने माझा काहीही वेळ वाचत नव्हता. दोन किलोमीटरला थोडा वाचत होता आणि तीनच्या पुढे स्पष्टपणे वाचत होता. म्हणून माझ्यापुरता नियम असा आहे की दीड किलोमीटरपर्यंत विचार न करता पायीच जायचे, आणि त्यापुढे बस, हवामान आणि ओझे पाहून ठरवायचे.

ओझ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा निश्चय इथेच मोडतो. हातातल्या पिशवीत पाच किलो वजन घेऊन अर्धा किलोमीटर चालणे आणि तेच वजन पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊन चालणे यांत फार मोठा फरक आहे. सॅकचे वजन दोन्ही खांद्यांवर आणि धडाच्या जवळ राहते, तर हातातले वजन बोटे, मनगट आणि एका बाजूची पाठ यांवर ओढ देते. जड वस्तू सॅकमध्ये पाठीला चिकटून ठेवाव्यात, हलक्या आणि चेपणाऱ्या वस्तू वर ठेवाव्यात, आणि कमरेचा पट्टा असेल तर तो बांधावा. सात-आठ किलोच्या वर सामान असेल तर चाकांची पिशवी घ्यावी. मात्र ती घेताना चाकांचा व्यास पाहावा. छोटी चाके पदपथाच्या प्रत्येक फटीत अडकतात आणि मग ती पिशवी ओढण्यापेक्षा उचलूनच न्यावी लागते. (माझी पहिली पिशवी याच कारणाने माळ्यावर पडून आहे.) द्रवपदार्थ, धान्य, कपडे धुण्याची पावडर अशा जड गोष्टी मी पायी आणतच नाही. त्या महिन्यातून एकदा गाडीने आणते किंवा घरपोच मागवते. सगळेच पायी करण्याच्या हट्टापायी काहीच टिकत नाही. मला तरी असे करण्यात कमीपणा वाटत नाही.

शंकासुर

चर्चा एकाच बाजूला झुकते आहे म्हणून काही गोष्टी मांडतो.

माणूस आपला वेळ फुकटचा समजतो, ही या सगळ्यातली पळवाट आहे. जो नोकरी करून घरी येतो, मुलांचा अभ्यास घेतो आणि त्यातून उरलेल्या तासाभरात बाहेरची कामे उरकतो, त्याला दिशेप्रमाणे यादी करून तीन दिवस थांबण्याची चैन परवडत नाही. दुसरे असे की गाडी घरात ठेवून बसने फिरल्याने पैसे वाचतात हा समज बराचसा चुकीचा आहे. विमा, कर आणि दर वर्षी घटणारी किंमत हा गाडीचा मोठा खर्च ती उभी असतानाही चालूच राहतो. वाचते ते फक्त इंधन आणि थोडी झीज, आणि त्यातून बसचे भाडे वजा करायचे. तिसरे, माझी गाडी विजेवर चालते. तिच्यामुळे हवेत धूर जातो असे मला कोणी सांगू नये.

सातवा_थांबा

शंकासुर यांच्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ज्याच्या हाती खरोखरच तासभर आहे आणि ज्याच्या भागात बस तासातून एकदा येते, त्याने गाडी वापरावी. दुसरा मुद्दा तर मला पूर्ण मान्य आहे. उभ्या गाडीचा खर्च थांबत नाही. त्यामुळे पैशांची मोठी बचत होते ती घरातली दुसरी गाडी विकल्यावर किंवा ती मुळात न घेतल्यावर. 1970च्या दशकात इव्हान इलिच या विचारवंताने एक मार्मिक हिशेब मांडला होता. गाडीत बसलेला वेळ, अधिक तिचे हप्ते, इंधन, विमा आणि दंड भरण्यासाठी काम केलेला वेळ, असे सगळे तास त्याने एकत्र धरले आणि अंतराला त्यांनी भागले. त्याच्या गणिताप्रमाणे अमेरिकेतल्या सर्वसाधारण गाडीवाल्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी भरला. आकडे जुने आहेत आणि मांडणी थोडी खोडकरही आहे, परंतु आपल्या गाडीसाठी हाच हिशेब प्रत्येकाने एकदा करून पाहावा.

विजेच्या गाडीविषयी आपले म्हणणे धुरापुरते बरोबर आहे. मात्र तीसुद्धा रस्त्याची तेवढीच जागा अडवते आणि टायरची झीज तिच्याही होते. पेट्रोलच्या गाडीबाबत मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण उंबरठा यांच्या नोंदवहीशी तिचा थेट संबंध आहे. छोट्या फेऱ्या अंतराने छोट्या असतात, धुराने नव्हे. एक्झॉस्टमधला (धूर बाहेर टाकणाऱ्या नळीतला) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, साधारण अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. इंजिन थंड असताना त्याला इंधनही जास्त लागते. त्यामुळे फेरीतला सर्वांत घाणेरडा धूर पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडतो, आणि दीड-दोन किलोमीटरची फेरी म्हणजे जवळजवळ ती पहिली काही मिनिटेच असतात. शिवाय इंजिन पुरते तापत नसल्याने तेलात आणि एक्झॉस्टमध्ये पाणी साठते, आणि गाडी सुरू करताना बॅटरीतून गेलेली वीज तेवढ्या वेळात पुरती भरून येत नाही. म्हणूनच सतत कमी अंतर चालणाऱ्या गाडीचे तेल लवकर बदला, अशी सूचना अनेक गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत असते. म्हणजे ज्या 31 फेऱ्यांसाठी आपण गाडी काढलीत, त्याच गाडीला सर्वांत न मानवणाऱ्या होत्या.

आता बसविषयी. मी अनेक वर्षे बसच्या वेळापत्रकांचे काम केले आहे, त्यामुळे पंचवीस मिनिटे एकही नाही आणि मग दोन एकदम, या आपल्या अनुभवाचे कारण सांगू शकतो. लोकांना वाटते की चालक मुद्दाम जोडीने येतात. तसे सहसा नसते. एखादी बस कोणत्याही कारणाने दोन मिनिटे मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी नेहमीपेक्षा जास्त माणसे जमलेली असतात. त्यांना चढायला वेळ लागतो, त्यामुळे ती आणखी मागे पडते. तिच्या पाठोपाठ येणाऱ्या बसला मात्र थांब्यावर थोडीच माणसे मिळतात, म्हणून ती वेळेच्या पुढे धावते आणि शेवटी पहिलीला गाठते. पुढच्या बसमध्ये उभे राहायला जागा नाही आणि मागची निम्मी रिकामी, हे दृश्य त्यातूनच तयार होते. त्यामुळे दोन बस दिसल्या आणि वेळ अगदीच हातघाईची नसेल तर मागच्या बसमध्ये चढावे, असे मी सांगेन.

यातच बसच्या वाट पाहण्याचे एक विचित्र गणित दडलेले आहे. समजा तासात दोन बस आहेत. त्या अगदी तीस-तीस मिनिटांनी आल्या तर सहज म्हणून थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी पंधरा मिनिटे थांबावे लागेल. आता त्याच दोन बस दहा आणि पन्नास मिनिटांच्या अंतराने आल्या असे धरा. बसची संख्या तीच आहे. परंतु थांब्यावर दर मिनिटाला एक माणूस येत असेल, तर साठांपैकी पन्नास माणसे त्या लांब खंडात येतात आणि सरासरी पंचवीस मिनिटे थांबतात, तर फक्त दहा माणसे छोट्या खंडात येऊन सरासरी पाच मिनिटे थांबतात. सर्वांची मिळून सरासरी जवळजवळ बावीस मिनिटे होते. आपल्या नशिबाला नेहमी लांब खंडच येतो असे जे वाटते, तो भास नव्हे. जास्त माणसे खरोखरच लांब खंडात सापडतात.

यावरून काही गोष्टी ठरवता येतात. मार्ग निवडताना बसच्या वेगापेक्षा दोन बसमधले अंतर पाहावे. दर दहा मिनिटांनी येणारी आणि वाटेत रेंगाळणारी बस ही तासातून एकदा येणाऱ्या जलद बसपेक्षा रोजच्या कामांना कितीतरी सोयीची असते, कारण तिच्यासाठी वेळापत्रक पाठ करावे लागत नाही आणि एक चुकली तरी दिवस बिघडत नाही. बससेवा आखताना थांब्यापासून सुमारे चारशे मीटरपर्यंतचे लोक चालत येतील असे बरेचदा धरले जाते, परंतु आपण तेवढ्यावरच अडून राहू नये. घराजवळच्या थांब्यावरून एकच मार्ग जात असेल आणि आठशे मीटरवरच्या मोठ्या थांब्यावरून चार मार्ग जात असतील, तर सरळ तिकडे चालत जावे. चालण्यात गेलेली मिनिटे हिशेबात असतात, वाट पाहण्यात जाणारी नसतात, आणि थांब्यावर काढलेले एक मिनिट मनाला बसमधल्या मिनिटापेक्षा नेहमीच मोठे वाटते. जिथे बस आता कुठे आहे हे फोनवर दिसते, तिथे घरातून निघण्याची वेळ त्यावर ठरवावी. जिथे दिसत नाही, तिथे मार्ग जिथून सुरू होतो त्या थांब्याच्या शक्य तितक्या जवळ बस पकडावी, कारण बस सुरुवातीला वेळेवर असते आणि पुढे पुढे बिघडत जाते. बस बदलावी लागत असेल तर दुसरी बस वारंवार येणारी असेल असे पाहावे. पहिलीची वेळ घरी बसून गाठता येते, दुसरीची वाट मात्र रस्त्यातच पाहावी लागते.

थोडे विषयांतर करतो. ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या वेळी, माणसे कितीही कमी असली तरी सुटणारी सार्वजनिक गाडी ही कल्पना फार जुनी आहे. गणितज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये 1662 साली अशा घोडागाड्या सुरू झाल्या होत्या, पण सैनिक, नोकरचाकर आणि मजूर यांना त्यांत बसायला बंदी होती. पुढे 1826 साली फ्रान्समधल्याच नांत शहरात ‘ऑम्निबस’ सुरू झाली. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठी’ असा आहे, आणि आपण म्हणतो तो ‘बस’ हा शब्द म्हणजे त्याचे केवळ शेपूट आहे.

उंबरठा

सातवा_थांबा, दोन बस एकदम येण्याचे कारण वाचून माझा निम्मा राग गेला. माझ्या घरापासून सहा-सातशे मीटरवर असा मोठा थांबा आहे. तो मला लांब वाटत होता म्हणून मी जवळच्या थांब्यावर उभा राहत होतो. तिथून एकच मार्ग जातो.

पायरव, दिशेप्रमाणे यादीची कल्पना आज सकाळीच अमलात आणली आहे. मात्र माझा शेवटचा प्रश्न अजून शिल्लक आहे. एवढ्या थोड्या चालण्याने प्रकृतीला खरोखर काही फायदा होतो, की ती मनाची समजूत आहे? घरात वाद घालायला मला निदान एक तरी भक्कम मुद्दा हवा आहे.

अनुस्वार

मी व्यायामाशी संबंधित क्षेत्रात काम करतो, म्हणून या एका प्रश्नापुरते लिहितो.

हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा पहिला गाजलेला अभ्यास बसमधलाच आहे. लंडनच्या दुमजली बसवर चालक आणि वाहक अशी दोन माणसे असत. दोघांची नोकरी एकाच ठिकाणची आणि राहणीही बरीच सारखी, पण चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिने चढत-उतरत तिकिटे देणारा. संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि खुर्चीत बसून काम करणारे कर्मचारी यांच्यातही त्यांना असाच फरक दिसला. मला मॉरिस आवडतात ते त्यांनी पुढे जे केले त्यासाठी. चालक मुळातच जास्त वजनाचे असतील तर हा फरक हालचालीचा कशावरून, अशी शंका त्यांनी स्वतःच घेतली आणि गणवेशाच्या मापांच्या नोंदी तपासल्या. चालकांच्या कमरेचे माप खरोखरच जास्त निघाले. म्हणजे फरकाचा काही भाग नोकरी धरतानाच ठरलेला असू शकतो. नंतरच्या अनेक दशकांतल्या अभ्यासांनी मात्र मूळ निष्कर्षाला बळच दिले आहे.

आपल्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मिळते. प्रौढांनी आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी असे त्या सांगतात. आधीच्या सूचनांमध्ये ही हालचाल सलग दहा मिनिटे तरी असावी अशी अट होती. ती अट 2020 साली काढून टाकण्यात आली. थांब्यापर्यंतची सात मिनिटे, थांब्यापासून बँकेपर्यंतची चार, परत येतानाची अकरा, हे सगळे आता हिशेबात धरले जाते. आठवड्यातून चार वेळा एवढे चाललात तरी 88 मिनिटे होतात, म्हणजे किमान मर्यादेच्या निम्म्याहून जास्त, आणि तेही व्यायाम म्हणून वेगळा वेळ न काढता. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी की चालता चालता बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. रेंगाळत चाललात तर त्याचा उपयोग कमी होईल.

दहा हजार पावलांचा आकडा मात्र डोक्यातून काढून टाकावा. तो 1965च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. सरासरी 72 वर्षे वयाच्या स्त्रियांवरचा एक अमेरिकी अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे 4,400 पावले चालणाऱ्यांमध्येही 2,700च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी होते आणि साधारण 7,500 पावलांनंतर फायदा वाढेनासा झाला. अगदी थोडे चालणाऱ्याने थोडे जास्त चालले तर लाभ सर्वांत मोठा असतो. घरात सांगायला हा मुद्दा बरा आहे.

दुपारची_सावली

वरचे सगळे पटते, तरी एक बाजू राहून जाते आहे म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना दवाखान्यात नेण्याचे काम माझ्याकडे आहे. बसची पायरी उंच असते, उतरताना मागचे लोक घाई करतात, आणि थांब्यावर बसायला बाक नसेल तर दहा मिनिटे उभे राहणे हीच त्यांना शिक्षा होते. त्यांच्यासाठी मी गाडीच काढते आणि पुढेही काढीन. परंतु त्यांच्या निमित्ताने गाडी हाताशी असते म्हणून माझी स्वतःची कामेही गाडीनेच होत होती, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले. आता त्यांची कामे गाडीने आणि माझी पायी, अशी वाटणी केली आहे. गाडी ठेवायची की नाही हा प्रश्न आमच्या घरात नाहीच. कोणत्या कामाला काढायची, एवढाच आहे.

चालण्याच्या वाटेविषयीही एक सांगते. सर्वांत जवळचा रस्ता नेहमी चांगला असतो असे नाही. वाहने ताशी पन्नास किलोमीटरने धावतात त्या रस्त्यावर धडक बसली तर तिची ऊर्जा तीसच्या वेगाच्या पावणेतीनपट असते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून आतल्या, संथ रहदारीच्या रस्त्याने दीडशे मीटर जास्त चालावे लागले तरी मी तोच घेते. पदपथ नसेल तर येणारी वाहने समोरून दिसतील अशा बाजूने चालावे आणि अंधार पडल्यावर फिकट रंगाचे कपडे घालावेत. मी हे मुलांना सांगत असे आणि स्वतः मात्र गडद रंगाची ओढणी घेऊन संध्याकाळी रस्ता ओलांडत असे. एकदा एका वाहनचालकाने अगदी जवळ येऊन ब्रेक लावला तेव्हा सवय बदलली.

शंकासुर

गणवेशाच्या मापांची गोष्ट आवडली. वेळेबाबतचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. तरीसुद्धा उंबरठा यांच्यासारखी वही मी या आठवड्यापासून ठेवतो आहे. 43 फेऱ्या निघणार नाहीत अशी खात्री आहे.

उंबरठा

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितो आहे.

मोठ्या थांब्यावरून चार मार्ग जातात आणि त्यांपैकी दोन बँकेकडे जातात. आजवरची सर्वांत लांब वाट चौदा मिनिटांची होती. स्वयंपाकघरातल्या कागदावर तीन रकाने केले आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांत फक्त माझे अक्षर होते, आता घरातल्या इतरांचेही आहे, आणि ‘हट्ट कशासाठी’ हा प्रश्न तिथेच थोडा मऊ पडला. सामानासाठी सॅक घेतली. चाकांची पिशवी घेताना चाके मोठी पाहून घेतली, तरी आमच्या जिन्यावरून ती उचलूनच न्यावी लागते, याचा विचार मी केला नव्हता.

गाडी या तीन आठवड्यांत नऊ वेळा निघाली. त्यांतल्या दोन फेऱ्या आळसाच्या होत्या आणि वहीत मी त्या तशाच लिहिल्या आहेत. शंकासुर, आपली वही काय म्हणते?

शंकासुर

38. पुढचे विचारू नये.